‘बाई’ : एका शब्दाची वंशावळ

(समाजाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात जळगाव येथे दिलेले व्याख्यान)



कार्यकारी मंडळाने यंदाच्या व्याख्यानाचा मान आम्हांस दिला, याबद्दल आम्ही मंडळाचे अंतःकरणपूर्वक आभार मानतो. या व्यासपीठावरून आजवर शिक्षण, हुंडा, शेती, व्यापार अशा भारदस्त विषयांवर अधिकारी पुरुषांची भाषणे झाली आहेत. आम्ही तर उभे आयुष्य मुलांना मराठी शिकविण्यात घालविलेले एक शाळामास्तर. आमच्या गाठोड्यात शब्दांवाचून दुसरे काय असणार? म्हणून आज आपणापुढे एकच शब्द घेऊन आलो आहोत. तो दोन अक्षरी आहे, आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे, आणि आमच्या समजुतीप्रमाणे त्याची आज नकळत हेळसांड चालली आहे. तो शब्द म्हणजे ‘बाई’.

हा विषय आम्हांस कसा सुचला, हे प्रथम सांगितले पाहिजे. समाजाच्या परिवार-परिचयासाठी माहितीपत्रके घरोघर आली, तशी आमच्याही घरी आले. ते भरण्याचे काम आमच्या नातीने हौसेने अंगावर घेतले. तिचे शालेय शिक्षण पुण्यास झाले असून सध्या ती जळगावच्या विद्यापीठात शिकते. पत्रक भरून झाल्यावर आम्ही नजर फिरविली, तेव्हा आमच्या मातोश्रींच्या नावापुढील ‘बाई’ गाळलेली दिसली. आम्ही कारण विचारले. ती म्हणाली, “आबा, पुण्याला बाई म्हणजे भांडी घासायला येते ती. पणजीला तसं कशाला म्हणायचं?”

तिच्या मनात अनादर नव्हता; उलट पणजीविषयीच्या मायेपोटीच तिने ते दोन अक्षरांचे अंतर केले होते. परंतु नव्वदीला टेकलेल्या आमच्या मातोश्री बाजेवर बसून हे सारे ऐकत होत्या. त्या अहिराणीत इतकेच बोलल्या, “बाई काढी टाकी, तं मंग नावमा काय राहिनं?”

बाई काढून टाकली, तर मग नावात उरले काय? हा प्रश्न आमच्या मनातून काही केल्या जाईना. आजचे भाषण हे त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

आपल्या समाजाला वंशावळीचे प्रेम फार. सोयरीक जमवावयाची म्हटली की प्रथम गाव विचारावयाचे, मग कूळ, मग मामकूळ. या चौकशीत आपले वृद्धजन एक नियम काटेकोरपणे पाळीत आले आहेत. आडनाव एक असले म्हणजे कूळ एक असतेच असे नाही, आणि आडनाव निराळे असले म्हणजे भाऊबंदकी नसतेच असेही नाही. शब्दांची वंशावळ काढणाऱ्यासही हाच नियम पाळावा लागतो. दोन भाषांतील दोन शब्द कानाला सारखे लागले, एवढ्यावरून त्यांना एका पंगतीत बसविता येत नाही. आपल्या खानदेशास ही विद्या परकी नाही. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी आपल्या आयुष्याची अखेरची वर्षे धुळ्यास वेचली, तेथेच १९२६ च्या अखेरीस देह ठेविला, आणि त्यांच्या स्मरणार्थ १९२७ साली तेथे संशोधन मंडळ उभे राहिले. कागदपत्रांइतकाच त्या पुरुषाचा लोभ शब्दांवर होता. त्यांच्या सगळ्याच व्युत्पत्ती पुढील पंडितांनी मान्य केल्या नाहीत. परंतु गावाच्या नावात, आडनावात आणि घरातल्या भांड्याच्या नावातही इतिहास दडलेला असतो, ही दृष्टी त्यांनी महाराष्ट्रास दिली, हे कोणासही नाकारता येणार नाही.

तर आता ‘बाई’चे आडनावबंधू कोण आणि भाऊबंद कोण, हे पाहू.

प्रथम आडनावबंधू. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यास एकमेकांस भेटतात, हे आपणांस विदितच आहे. काही वर्षांपूर्वी त्या बाजूच्या एका ढाब्यावर आम्ही चहास थांबलो असता, भरघोस दाढीचा, धिप्पाड असा एक पंजाबी ट्रकचालक दुसऱ्या तशाच धिप्पाड चालकास “बाईजी, बाईजी” म्हणून हाका मारीत होता. आमच्या सोबतच्या मंडळींस हसू आवरेना. पुढे चौकशी करता कळले की पंजाबच्या माळवा प्रांतात ‘बाई’ हे पुरुषासाठीच, भाऊ किंवा दादा अशा अर्थी, आदराने वापरतात. इतकेच नव्हे, तर पंजाबीत बावीस या संख्येसही ‘बाई’च म्हणतात. संस्कृत ‘द्वाविंशति’ पासून आपले ‘बावीस’, हिंदीचे ‘बाईस’ आणि पंजाबीचे ‘बाई’ अशी ही तीन भावंडे निपजली. त्यांचा आपल्या ‘बाई’शी काडीचाही संबंध नाही.

हिंदी प्रदेशात वाताच्या विकारासही ‘बाई’ म्हणतात, आणि बंगालीत ‘बाई’ म्हणजे एखादी धून, एखादे वेड. हे दोन्ही शब्द ‘वायु’ पासून आले. आपणही कोणाच्या डोक्यात ‘वारे शिरले’ असे म्हणतोच. तेलंगणातील खेडूत विहिरीस ‘बायि’ म्हणतो, कोकणीत विहिरीस ‘बांय’ म्हणतात, मालवणकडे ‘बाव’ म्हणतात, आणि आपण पायऱ्यांच्या विहिरीस ‘बावडी’ म्हणतो. या सर्वांचे मूळ संस्कृत ‘वापी’. कानडीत ‘बायि’ म्हणजे तोंड. ते तमिळ ‘वाय्’चे भावंड असून द्राविड कुळातले. तुर्की भाषेत ‘बाय’ म्हणजे श्रीयुत, आणि कझाक लोकांत ‘बाय’ म्हणजे धनिक गृहस्थ. सारांश, एकाच आवाजाचे हे शब्द कोणी वाऱ्यापासून, कोणी पाण्यापासून, कोणी संख्येपासून, तर कोणी तोंडापासून जन्मास आले. भुसावळच्या फलाटावर एकाच बाकावर बसलेले उतारू एकाच गावचे नसतात, तशातलाच हा प्रकार.

येथे एका लोकसमजुतीचा परामर्श घेणे अवश्य आहे. ‘बेग’ आणि ‘बेगम’ या तुर्की शब्दांबरोबर ‘बाई’ही मुसलमानी अमदानीत आपल्याकडे आली असावी, असे काही लोक मानतात. परंतु अलाउद्दीन खिलजीची देवगिरीवर स्वारी झाली ती १२९६ साली. त्यापूर्वीच, म्हणजे सुमारे १२७८ मध्ये, म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या ‘लीळाचरित्रा’त श्रीचक्रधरस्वामींच्या शिष्येचे नाव ‘बाइसा’ असे आढळते. याच परिवारातील ‘महदाइसा’ ही मराठीची आद्य कवयित्री म्हणून मान पावली. तात्पर्य, यादवांच्या मराठीत ‘बाई’ आधीच सुप्रतिष्ठित होती, आणि ती आदराचे प्रत्यय अंगावर लेवून वावरत होती. राजस्थानात राजघराण्यातील कन्येस आजही ‘बाईसा’ म्हणतात. हे साम्य मोठे लोभस आहे; तथापि साम्य म्हणजे संबंध नव्हे, हा आपला नियम येथेही विसरू नये.

आता खरे भाऊबंद पाहू. आपल्या शेजारी गुजरात. तेथे ‘बाई’ म्हणजे स्त्री. आणि पारशी समाजात तर हा शब्द नावाच्या मागे व पुढे असा दोन्हीकडे लागतो. मुंबईस परळच्या लहान मुलांच्या प्रसिद्ध रुग्णालयाचे नाव ‘बाई जेरबाई वाडिया’ असे आहे. आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे आजारी लेकरू घेऊन त्या दारात उभी राहिली असतील. परंतु एका नावात ‘बाई’ दोनदा का, हा प्रश्न त्या घाईत कोणास सुचणार? पहिली ‘बाई’ ही आपल्या ‘श्रीमती’सारखी उपाधी होय आणि दुसरी नावाचाच भाग होय. राजस्थानीत ‘बाई’ म्हणजे बहीण किंवा लेक. मेवाडच्या मीराबाईच्या नावात हीच माहेरची ‘बाई’ आहे. कोकणीत ‘बाय’ म्हणून लहान मुलीस लाडाने हाक मारतात. म्हणजे एकच शब्द एका प्रांतात लेक, दुसऱ्यात बहीण, तिसऱ्यात घरधनीण अशा नात्यांनी नांदतो. आपल्याकडे तर ही सर्व नाती एकत्र झाली. आपल्या ‘बहिणाबाई’ या नावाकडे राजस्थानी कानांनी पाहावे, म्हणजे त्यात बहीण दोनदा भेटेल.

या साऱ्यांचा मूळपुरुष कोण? ‘मूळपुरुष’ म्हणण्याचीही आपल्याला सवय जडली आहे. येथे ‘मूळस्त्री’ म्हणावयास हवे. व्युत्पत्तिकारांचे याविषयी एकमत नाही. मात्र एक विचार आम्हांस सर्वांत सयुक्तिक वाटतो. तान्हे मूल ओठ मिटून उघडते तेव्हा ‘मा’, ‘बा’, ‘पा’ हेच ध्वनी त्याच्या तोंडून सहज निघतात, आणि मोठी माणसे ते ध्वनी आपल्या नात्यास लावून घेतात. रोमान याकोबसन या थोर भाषाशास्त्रज्ञाने १९६० साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात जगातील आईबापांच्या नावांचा असाच उलगडा केला आहे. म्हणूनच आपला ‘बा’ म्हणजे बाप आणि नवापूरच्या पलीकडे, गुजरातेत, ‘बा’ म्हणजे आई. कस्तुरबांच्या नावातील ‘बा’ ती हीच. कॉकेशस पर्वताकडील जॉर्जियन भाषेत तर ‘मामा’ म्हणजे बाप! लेकराने हाक मारावी आणि ज्याने त्याने ओ द्यावी, असा हा न्याय आहे. तेव्हा ‘बाई’ हा कोणा राजदरबाराने दिलेला किताब नसून पाळण्यातून आलेली हाक असावी, असे आम्हांस वाटते; आणि कोणत्याही किताबाहून ती अधिक मोलाची आहे.

या पाळण्यातल्या शब्दाने पुढे केवढी उंची गाठली, ते पाहा. आपल्या जिल्ह्यातील मुक्ताईनगर तालुक्यात तापीच्या काठी मुक्ताबाई गुप्त झाल्या अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. परंपरेप्रमाणे त्यांचे वय तेव्हा अठरा वर्षांचेही नव्हते. अविवाहित, अल्पवयीन मुलगी. पण महाराष्ट्राने तिला ‘मुक्ताबाई’ म्हटले, ‘मुक्ताई’ म्हटले, आणि वयोवृद्ध चांगदेवांनी तिला गुरू केले असे सांगितले. तापी-पूर्णेच्या संगमावरील चांगदेव हे गाव आजही त्या कथेची साक्ष देत उभे आहे. पुढे जिजाबाई झाल्या, अहिल्याबाई झाल्या, झाशीच्या लक्ष्मीबाई झाल्या. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघाली आणि सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या; तेव्हापासून मराठी मुलांच्या तोंडी ‘बाई’ म्हणजे गुरू असा अर्थ रूढ होत गेला. १९७७ साली अमेरिकेने ‘व्हॉयेजर’ नावाची दोन याने अवकाशात सोडली. त्यांवर मानवजातीचा आवाज म्हणून जी ध्वनिमुद्रिका ठेविली आहे, तीत भारताच्या वाट्यास आलेले गायन गोव्याच्या केसरबाई केरकरांचे आहे. म्हणजे एका ‘बाई’चा कंठ ग्रहमाला ओलांडून गेला आहे, आणि आपण मात्र माहितीपत्रकातून ‘बाई’ खोडीत आहोत!

तथापि वकिलाने आपल्याच अशिलाची बाजू सांगावी आणि दुसरी झाकावी, तसे आम्ही करणार नाही. या शब्दाचे पतनही झाले आहे, आणि ते केवळ पुण्या-मुंबईच्या सदनिकांत झाले असे नाही. उत्तर हिंदुस्थानात ‘बाईजी’ म्हणजे नाचगाणे करणारी स्त्री, असा अर्थ फार पूर्वीच रूढ झाला. आपल्या मराठीतही ‘बाईचा नाद’, ‘ठेवलेली बाई’ हे प्रयोग आहेत. भित्र्या पुरुषास ‘बायल्या’ म्हणून हिणविण्याची रीत आहे. जुन्या मराठीतील ‘बाईल’ आणि आजची ‘बायको’ हीदेखील याच घरची लेकरे. पण ‘बायकी’ म्हटले की लगेच कमीपणा येतो. हा दोष शब्दाचा आहे काय?

इंग्रजीकडे पाहिले म्हणजे याचे उत्तर मिळते. ‘बाई’ जुनाट वाटते म्हणून आपण शाळेत आणि कचेरीत ‘मॅडम’ म्हणू लागलो. हा शब्द मुळात फ्रेंच. त्याचा अर्थ ‘माझी स्वामिनी’, आणि त्यामागील लॅटिन ‘डॉमिना’ म्हणजे घराची धनीण. परंतु इंग्रजीत हाच शब्द कुंटणखाना चालविणाऱ्या स्त्रीलाही लावतात. ‘मिस्ट्रेस’ म्हणजे मालकीण. तिचीच संक्षिप्त रूपे ‘मिस’ आणि ‘मिसेस’. आणि तीच ‘मिस्ट्रेस’ पुढे ठेवलेल्या बाईच्या अर्थी आली. ‘हाउसवाइफ’ या गृहिणीवाचक शब्दापासून ‘हसी’ ही उच्छृंखल स्त्रीस द्यावयाची शिवी निघाली. म्हणजे पृथ्वीच्या पाठीवर कोठेही पाहा, स्त्रीचा आदर दाखविणारा शब्द काही पिढ्यांत मळतो आणि मग नवा शब्द उसना आणावा लागतो. पुरुषवाचक शब्दांच्या वाट्यास ही दशा सहसा येत नाही. पाणी मळते ते घागरीमुळे नव्हे, तर त्यात बुडणाऱ्या हातांमुळे. तसाच शब्द मळतो तो समाजाच्या दृष्टीमुळे.

आमच्या नातीने सांगितलेला अर्थ याचेच उदाहरण होय. ‘मोलकरीण’ म्हणणे कानाला बरे वाटेना, म्हणून सभ्य घरांतून ‘कामाला येणाऱ्या बाई’ असे म्हणण्याचा प्रघात पडला. म्हणजे मुळात तो शब्द त्या स्त्रीचा मान राखण्यासाठीच आणला गेला. पुढे ‘कामाला येणाऱ्या’ हे शब्द गळाले आणि ‘बाई’ उरली. परंतु कामाविषयीची आपली तुच्छता काही गळाली नाही, ती त्या दोन अक्षरांना येऊन चिकटली. महाराष्ट्र शासनाने २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, त्यात त्यांना ‘कामगार’ म्हटले आहे. कायद्याने जो दर्जा मान्य केला, तो आपल्या स्वयंपाकघराने अद्याप मान्य केलेला नाही.

आणि बंधुभगिनींनो, आपण कोणाच्या कामास हलके म्हणतो आहोत? आज येथे बसलेल्यांपैकी किती जणांच्या आजीने दुसऱ्याच्या शेतात निंदणी केली नाही, कपाशी वेचली नाही? सकाळी शेतमालक विचारी, “आज किती बाया आल्या?” त्या बायांत आमच्या मातोश्री होत्या, हे सांगण्यात आम्हांस कमीपणा वाटत नाही. कपाशीच्या बोंडांनी ओरखडलेल्या त्यांच्या बोटांच्या मजुरीतून आमच्या पाटी-पुस्तकांचे पैसे निघाले. भांडी घासणारी ‘बाई’ आणि कापूस वेचणारी ‘बाई’ यांत अंतर ते किती? नात पणजीला ज्या अर्थापासून वाचवू पाहत होती, त्याच अर्थाच्या कष्टांवर तिचे शिक्षण उभे आहे, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. तो दोष तिचा नव्हे. तो आमचा होय.

आता या शब्दाचा जो गुण आम्हांस सर्वांत मोठा वाटतो, तो सांगतो. आपल्या समाजाच्या याद्या चाळून पाहा. पुरुष लहानपणी ‘चि.’, मोठेपणी ‘श्री.’, आणि त्यानंतर जिवंत असेतोवर ‘श्री.’च. लग्न होवो, न होवो, पत्नी असो वा नसो, त्याच्या उपाधीस धक्का लागत नाही. स्त्री मात्र प्रथम ‘कु.’, मग ‘सौ.’, आणि दैवाने घाला घातला की ‘गं. भा.’. तिच्या नावाआधीची अक्षरे तिच्याविषयी काहीच सांगत नाहीत. तिचा पती आहे की नाही, एवढेच सांगतात. ज्या दिवशी तिचे सर्वांत मोठे नुकसान होते, त्याच दिवशी आपण तिच्या नावातूनही काहीतरी काढून घेतो. याउलट ‘बाई’ पाहा. मुक्ताबाई अविवाहित, जिजाबाई संसारी, अहिल्याबाई ऐन तारुण्यात विधवा झालेल्या, मीराबाईने तर संसाराकडे पाठ फिरविलेली. तरी चौघीही ‘बाई’च. कोणाचे सौभाग्य, कोणाचे वैधव्य, याची चौकशी हा शब्द करीत नाही. तो स्त्रीच्या स्वतःच्या नावास लागतो आणि अखेरपर्यंत सोबत करतो. आमच्या मातोश्रींच्या नावाआधीचे ‘सौ.’ जाऊन आज चाळीस वर्षे होतील. ‘बाई’ मात्र राहिली होती. “नावमा काय राहिनं?” या प्रश्नाचा अर्थ आम्हांस या ठिकाणी कळला.

हे सारे आम्ही नातीस समजावून सांगितले. तिने निमूटपणे पत्रक घेतले आणि पणजीच्या नावापुढे आपल्या हाताने ‘बाई’ लिहिली. नंतर तिने आमच्या पेटीतून कुळाची वंशावळ काढली. भाटांच्या वहीवरून आमच्या आजोबांनी ती नकलून ठेविली आहे आणि आम्हांस तिचा फार अभिमान आहे. तिने ती वरपासून खालपर्यंत बोट लावून वाचली आणि विचारले, “आबा, यात पणजी कुठे आहे? माझं नाव कुठे येणार?”

आम्हांस उत्तर देता आले नाही. अकरा पिढ्यांच्या त्या झाडावर एकाही स्त्रीचे नाव नव्हते. बापापासून मुलगा, मुलापासून नातू, जणू मध्ये कोणी आई नव्हतीच! एका शब्दाची वंशावळ यादवकाळापर्यंत नेणाऱ्या आम्हांस आपल्या पणजीचे नाव सांगता येईना. ‘बाई’ हा शब्द जतन करा, असे आम्ही इतरांस काय म्हणून सांगावे, जर ज्यांना तो लावावयाचा त्या बायांचीच आपण नोंद ठेविली नाही?

म्हणून समाजापुढे तीन नम्र सूचना ठेवितो. पहिली, पुढील स्मरणिकेच्या परिवार-परिचयात प्रत्येक स्त्रीचे नाव पूर्ण छापावे, आणि त्याच्या आधी-मागे काय लावावे हे तिचे तिला विचारावे. कोणास ‘बाई’ हवी असेल, कोणास ‘ताई’, कोणास काहीच नको असेल, ज्यांना ‘सौ.’ प्रिय आहे त्यांनी ते खुशाल ठेवावे. मात्र ‘गं. भा.’ ही अक्षरे कोणाच्याही नावाआधी तिला न विचारता छापू नयेत. दुसरी, प्रत्येक कुटुंबाने आपली वंशावळ पुन्हा लिहावी आणि तीत आई, पत्नी, लेक आणि सून यांची नावे त्यांच्या माहेरच्या गावासह घालावीत. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकाच्या नावात आईचे नाव वडिलांच्या नावाआधी नोंदविण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला आहे. शासन पुढे जावे आणि ज्ञातीने मागे राहावे, हे आपणांस शोभणारे नाही. तिसरी, हे काम आजच हाती घ्यावे. कारण ही नावे कोणत्याही दप्तरात नाहीत. ती केवळ घरातील वृद्ध स्त्रियांच्या स्मरणात आहेत, आणि ते दप्तर दरवर्षी थोडे थोडे मिटत चालले आहे. आमच्या मातोश्रींनी त्या रात्री बाजेवर बसून सासरच्या चार आणि माहेरच्या तीन पिढ्यांतील बायांची नावे सांगितली. नातीने ती लिहून घेतली. प्रत्येक नावाच्या शेवटी ‘बाई’ होती.

समारोपादाखल एवढेच सांगतो. जळगावजवळच्या आसोदे गावी १८८० साली एक शेतकऱ्याची लेक जन्मली. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर तिने जी गाणी रचली, ती तिच्या मुलाने व इतरांनी उतरून घेतली म्हणूनच वाचली. १९५१ साली तिचे देहावसान झाले आणि पुढील वर्षी ती गाणी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. २०१८ साली येथील विद्यापीठास तिचे नाव देण्यात आले. म्हणजे आमच्या नातीस जी पदवी मिळावयाची आहे, तिच्यावर ठळक अक्षरांत ‘बहिणाबाई’ असे छापलेले असेल. ज्या शब्दाची तिला लाज वाटली, त्याच शब्दाच्या छत्राखाली ती विदुषी होणार आहे. आणि कोणी उतरून घेतले नसते तर ती गाणीही, आपल्या पणज्यांच्या नावांप्रमाणेच, नाहीशी झाली असती.

 घरी गेल्यावर आपल्या घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीजवळ घटकाभर बसा आणि तिला तिच्या आजीचे नाव विचारा, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.